पडल्यास उचलू नये

१४ ऑक्टोबर २०२४

आज सतबीर येऊन गेला. आता खटका पडणार नाही.

महिनाभर त्या खटक्याने जीव नकोसा केला होता. मागच्या अंगणातल्या टबासाठी यांनी भिंतीवर एक वेगळी पेटी बसवून घेतली होती. तिच्यातला पांढरा खटका सारखा खाली पडायचा. सकाळी वर करावा तर दुपारी पडलेला. कालपासून तर वर राहीचना. तो पडला की हीटर बंद, पंप बंद, आणि पाणी गार व्हायला लागतं. मला तेच नको असतं.

सतबीर हा जनकपुरीच्या आमच्या पॉकेटमधला, म्हणजे वसाहतीतला, वायरमन. पेटी उघडून बघितली आणि म्हणाला, "माताजी, ये वाला गया. नया डलवाओगे तो साढ़े तीन हज़ार. कहो तो डायरेक्ट कर दूँ?"

मी विचारलं, "डायरेक्ट मतलब?"

"मतलब बीच में कोई टोकने वाला नहीं. तार सीधी टब में."

"फिर गिरेगा नहीं?"

"जब रहेगा ही नहीं, तो गिरेगा क्या?"

मी म्हटलं, कर दो. दोनशे रुपये घेतले, चहा नको म्हणाला. काढलेला खटका तो खिशात घालत होता, मी मागून घेतला. यांनी आणलेली वस्तू आहे. यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवला.

पंप आता न थांबता चालू आहे. घरात माणूस असल्यासारखं वाटतं.

१९ ऑक्टोबर

ही डायरी यांच्या ऑफिसची, २०१९ सालची. त्या जानेवारीत हे रिटायर झाले, म्हणून कोरी राहिली. वरची तारीख खोडून मी माझी घालते.

माझं शिक्षण सातवी. अक्षरं गावी शिकले, वाचायला दिल्लीत शिकले. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये हे ऑफिसला गेले की दिवस खायला उठायचा, तेव्हा हाताला लागेल ते वाचत सुटले. मराठी, मग हिंदी, मग डिक्शनरी घेऊन थोडं इंग्रजी. हे म्हणायचे, हिला पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकवत नाही.

टबाचं लिहून ठेवते. यांचे मणके एकमेकांना चिकटत चालले होते. सकाळी उठायला अर्धा तास लागायचा. कोमट पाण्यात बसलं की अंग मोकळं व्हायचं. वसंत विहारमधलं एक परदेशी कुटुंब दिल्ली सोडून निघालं होतं, त्यांच्याकडून हा टब घेतला. जुनी पाकिटं उलटी करून वापरणारा माणूस, पण टबाला एका शब्दाने घासाघीस केली नाही. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागे अंगण, तिथे बसवला. वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मी, मूळच्या दक्षिणेकडच्या, विचारायच्या, "अलकाजी, आपका समुंदर कैसा है?"

मागच्या वर्षी मार्चमध्ये यांना छातीत कफ भरला म्हणून हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचरवरून म्हणाले, "पाणी गार होऊ देऊ नकोस. आलो की बसणार आहे." आले नाहीत. नऊ दिवसांनी गेले.

मी पाणी गार होऊ दिलेलं नाही. मी स्वतः त्यात कधी उतरले नाही, उतरणारही नाही. रोज सकाळी झाकण उचलून हात घालून बघते. झालं.

८ नोव्हेंबर

बिल आलं. एक हजार एकशे बारा युनिट.

तीनदा चष्मा पुसून वाचलं. टब धरून आमचे पाचशे, सहाशे व्हायचे. इथे दोनशेच्या आत बिल शून्य येतं. विजयालक्ष्मी दर महिन्याला जिन्यात सांगतात, "मेरा तो ज़ीरो आया." मी मान हलवते. आमचा आकडा मी कोणाला सांगत नाही.

बिल अजून यांच्याच नावाने येतं. श्री विश्वनाथ द. केंजळे. नाव बदलून घ्यायला हवं हे मला कळतं. पण मग यांच्या नावाने या घरात काहीच येणार नाही.

नऊ हजार भरता येतील, पेन्शन आहे. भीती त्याची नाही. भीती यतीनची आहे. मुलगा पुण्यात आहे. दर रविवारी फोनवर तळेगावच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीचं काढतो. "आई, तिथे डॉक्टर आहे, लायब्ररी आहे. तू एकटी दिल्लीत काय करतेस?" मी म्हणते, राहते. तो म्हणतो, "रिकामा टब तापवत राहतेस."

नाताळात येणार आहेत तिघं, तो, सून आणि नात. हे बिल त्याच्या हाती लागलं तर त्याला तेवढंच हवं आहे. आईचं डोकं ठिकाणावर नाही याचा छापील पुरावा. फ्लॅट विकायला काढील.

बिल गीतेच्या पुस्तकात ठेवलं.

२० नोव्हेंबर

हवा इतकी वाईट आहे की समोरची पाण्याची टाकी दिसत नाही. डोळे चुरचुरतात.

आठवडाभर आणखी एक झालं आहे. सकाळी पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात. आज मनगटाच्या वरपर्यंत आल्या. पायऱ्यांचा स्टीलचा कठडा धरला तर जास्त. आज डिस्पेन्सरीत जाऊन आले. डॉक्टरांनी माझा कागद बघितला, मान वर न करता म्हणाले, "शुगर कितने साल से है? नसों में ऐसा होता है." गोळ्या दिल्या.

म्हणजे आता नसाही. बाहेर येऊन बाकावर बसले. हातातून पातेलं पडलं, गॅस नीट बंद झाला नाही, असं काही व्हायला लागलं तर यतीनला मी काय सांगू? त्याला मुंग्यांचं कळवायचं नाही.

२६ नोव्हेंबर

गुण आहे. यतीनने मागे ॲक्युप्रेशरच्या रबरी चपला पाठवल्या होत्या, तळव्याला टोचणाऱ्या. तशाच पडून होत्या. डॉक्टरांनी नसा म्हटल्यावर काढल्या. पाच दिवस त्या घालूनच अंगणात जाते आणि मुंग्या अजिबात नाहीत. उगाच नावं ठेवत होते. तळव्यातल्या नसा हाताशी जोडलेल्या असतात असं त्या खोक्यावर छापलं आहे, ते खरं असावं.

रविवारी यतीनला सांगितलं, चपला फार चांगल्या आहेत. खूश झाला.

३० नोव्हेंबर

आज चपला बाजूला काढून ठेवल्या आणि ओल्या फरशीवर उभी राहून पाण्यात हात घातला. मुंग्या आल्या. थोडा वेळ हात तसाच ठेवला.

का ते लिहीत नाही. वर्ष दीड वर्ष ज्या पाण्यात हात घालते त्याने आता काहीतरी उत्तर द्यावं, आणि ते मी चपला घालून बंद करावं, असं काहीसं. वेडेपणा आहे. उद्यापासून चपला.

३ डिसेंबर

विजयालक्ष्मींना शेवटी आकडा सांगितला. त्या तीस वर्षं मंत्रालयात हिशेबाच्या सेक्शनमध्ये होत्या, आकड्याला घाबरत नाहीत. म्हणाल्या, "एक दिन समुंदर बंद करो. मीटर लिखो. दूसरे दिन फिर लिखो. सब मालूम पड़ेगा."

काल सकाळी टबाचं बटण दाबून टब बंद केला. दिवा गेला, पंप थांबला. फ्रिजसुद्धा काढला, दूध विजयालक्ष्मींकडे ठेवलं. झाकणावर दोन रजया टाकल्या, गार होऊ नये म्हणून. घर एवढं शांत झालं की मी भांडी वाजवत बसले.

आज सकाळी मीटर बघितलं. आठ युनिट.

घरात एक दिवा नाही, पंखा नाही, आणि आठ युनिट. मीटरवर एक लाल दिवा सारखा जळत असतो, त्याच्याशेजारी बारीक अक्षरात EL लिहिलं आहे. EL म्हणजे इलेक्ट्रिसिटी, एवढं मला लावता येतं. म्हणजे वीज जात होती. कुठे जात होती?

टब पुन्हा चालू केला. पाणी चौतीस डिग्रीवर उतरलं होतं.

५ डिसेंबर

डोक्यातून जात नाही. कोणीतरी माझी वीज खातं आहे.

जिन्याखालून तारांचा जुडगा वर जातो. त्यात माझी तार आणि वरची तार एकमेकींना गुंडाळलेल्या आहेत. विजयालक्ष्मींनी दिवाळीत नवीन गीझर घेतला. आणि तरी शून्य. मीटर लिहून ठेवायचं त्यांनीच सांगितलं, पण चोर असं सांगेल का? की म्हणूनच सांगेल?

सतबीरचाही विचार येतो. त्याने तार सीधी म्हटलं, पण सीधी कुठे नेली?

कडी दोनदा बघते. आधी कधी बघत नव्हते.

९ डिसेंबर

एक हजार तीनशे शहाऐंशी युनिट. बारा हजारांच्या वर.

जिन्यात विजयालक्ष्मी भेटल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आपका ज़ीरो आता कैसे है?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "अलकाजी, आप मेरे को चोर बोलती हो?"

मी म्हटलं, मैंने ऐसा नहीं कहा.

"आप ऐसा ही कहा." पिशवी उचलून वर गेल्या. हे गेले तेव्हा तेरा दिवस त्यांच्या घरून डबा यायचा.

बिल गीतेत ठेवलं. गीता आता नीट मिटत नाही.

२४ डिसेंबर

तिघं आली. विमान धुक्यामुळे तीन तास उशिरा. सुनेला, संपदाला, सर्दी झाली आहे. देवयानी आठ वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, बॅग ठेवायच्या आधी अंगणात पळाली. "आजी, आत्ता बसू?"

"आज नाही. परवा. ऊन आलं की."

यतीन झाकणाकडे बघत उभा होता. मला वाटलं आता बोलेल. म्हणाला, "बाबांचा टॉवेल अजून इथेच आहे?"

मी म्हटलं, "आहे."

त्याच्या बॅगेत वरच निळी फाइल आहे. तळेगावचं छायाचित्र मी उलटं बघूनसुद्धा ओळखलं.

मनाशी ठरवलं आहे. चार दिवस सगळं सरळ पार पडलं, पोर टबात खेळली, हसली, तर यतीनलाही वाटेल की हा टब रिकामा नाही. बिलाचा विषय निघता कामा नये.

२५ डिसेंबर

दिवसभर देवयानी माझ्या मागे. पुण्यात राहून तिचं मराठी अर्धं इंग्रजीच आहे. अंगणात टबाच्या वर भिंतीवर यांची पट्टी चिकटवलेली आहे, काळ्या मार्करने लिहिलेली, वर पारदर्शक कागद. यांना पट्ट्या लावायची सवय होती. न्हाणीघरात "गीझर : दहा मिनिटे", दाराशी "चावी डावीकडे." ही त्यातली शेवटची. देवयानीने अक्षर अक्षर लावून वाचली.

"पडल्यास स्वतः उचलू नये. आधी माणूस बोलवावा." मग म्हणाली, "काय पडल्यास, आजी?"

"काय नाही, कोण. तुझे आजोबा. त्यांच्या पाठीत दुखायचं. दोनदा इथे घसरले. मी एकटी उचलायला गेले असते तर दोघंही पडलो असतो."

"मग आजोबांनी आजोबा असं का नाही लिहिलं?"

"माणूस स्वतःचं नाव कशाला लिहील?"

तिला पटलं नाही. "शाळेत टीचर म्हणतात, सब्जेक्ट लिहा."

मला यांनी कधी पत्र लिहिलं नाही. लग्नानंतर आठ महिने मी गावी होते तेव्हासुद्धा मनीऑर्डरच्या कुपनवर दोन ओळी. त्यामुळे ही पट्टी मी रोज वाचते. पडण्याआधी माझा विचार करून ठेवलेला माणूस.

२६ डिसेंबर

अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल, लिहिते.

अकराला ऊन आलं. पोर पाय टाकणार म्हणून मी अंगण धुऊन काढलं होतं, फरशी ओली होती. देवयानी पोहण्याचा पोशाख घालून, उघड्या पायांनी, कुडकुडत बाहेर आली. संपदा आत वाफ घेत होती, यतीन पुढच्या खोलीत ऑफिसच्या फोनवर होता. मी झाकण उघडलं. माझ्या पायात चपला.

तिने आधी हात घातला आणि मागे घेतला.

"आजी, पाणी चावतं."

मी म्हटलं, "गरम आहे म्हणून."

"गरम नाही गं. चावतं. मुंग्या चावतात तसं. इथपर्यंत." कोपर दाखवलं. हसत होती. तिला मजा वाटत होती.

मी पण हसले. मी म्हणणार होते, मलाही येतात, माझ्या शुगरमुळे. तोंड उघडलं होतं. आणि तेवढ्यात मनात आलं, हिला कुठली शुगर?

आठ वर्षांच्या मुलीला कुठली शुगर.

तिचा एक पाय पायरीवर होता, एक ओल्या फरशीवर. दुसरा हात कठड्याकडे निघाला होता. मी तिला पोशाखाच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं, इतकं जोरात की ती माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघी पडलो. तिचं कोपर सोललं. ती रडायला लागली. मी तिला तिथेच टाकून पुढच्या दाराशी पळाले, मीटरजवळचा मेन खाली ओढला.

घर बंद पडलं. यतीन बाहेर आला. "आई, माझा कॉल चालू होता. काय केलंस?"

"पाण्यात करंट आहे."

"काय?"

"पाण्यात करंट आहे. मला दीड महिना मुंग्या येतात. तिलाही आल्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. याच नजरेची मला भीती होती. हळू आवाजात म्हणाला, "आई, सकाळची गोळी घेतलीस ना? टबाला सेफ्टी असते. बाबांनी लावली होती. बाजूला हो, मी चालू करून दाखवतो."

मी मेनच्या बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. तो साडेपाच फुटांचा, मी त्याच्या खांद्याइतकी. त्याने माझा दंड धरला. मी हलले नाही.

"माणूस बोलव," मी म्हटलं. "आधी माणूस बोलव."

आतून देवयानी रडत रडत म्हणाली, "बाबा, खरंच चावतं ते."

त्याने माझा दंड सोडला.

२७ डिसेंबर

काल तिन्हीसांजेला यतीनने बोलावलेले वायरमन आले, एक वयस्क सरदारजी. घरभर मेणबत्त्या होत्या. त्यांनी मेन लावण्याआधी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं, पायात जाड बूट घातले आणि एकटे मागे गेले. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी टेस्टरचं टोक पाण्याला लावलं. पाण्यात लावलेला तो टेस्टर दिव्यासारखा उजळला.

संपदाने देवयानीला उचलून घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

मेन पुन्हा पाडून सरदारजींनी सांगितलं. हीटरला आतून चीर गेली आहे. वीज पाण्यात उतरते आणि जमिनीत जाते. जमिनीतली अर्थिंगची तारही गंजून गेली आहे. "बटन से बंद करने पर भी बहती रहती है. मीटर पे लाल बत्ती देखी होगी, ईएल. मतलब अर्थ लीकेज. बिल भी बहुत आता होगा."

यतीनने माझ्याकडे बघितलं. मी गीता आणून त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही बिलं काढून वाचली, घडी घालून परत आत ठेवली. त्या नीट घडीचीच मला जास्त भीती वाटली.

सरदारजींनी पेटी उघडली. "यहाँ तो सीधा जोड़ा हुआ है. किस गधे ने डायरेक्ट किया?"

सतबीरचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "मैंने कहा था."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "बीबीजी, रोज़ यही पहनती थीं?"

"हाँ जी."

"रबर है. फेंकना मत."

मी तीस नोव्हेंबरबद्दल काही सांगितलं नाही. ओल्या फरशीवर, उघड्या पायांनी, हात तसाच ठेवून.

निघताना त्यांनी भिंतीवरच्या पट्टीकडे बोट केलं. "ये क्या लिखा है?"

यतीनने हिंदीत सांगितलं, "गिर जाए तो ख़ुद मत उठाना. पहले आदमी बुलाना."

"ठीक लिखा है. जिसने भी लिखा, समझदार आदमी था," सरदारजी म्हणाले. "मैं यही सबसे कहता हूँ. स्विच अपने आप गिरा है तो किसी बात पे गिरा है. ज़बरदस्ती उठाओगे, वो फिर गिरेगा. और जिस दिन नहीं गिरेगा..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. पट्टी टबाच्या वर आहे असं मी आजपर्यंत समजत होते. ती पेटीच्या खाली आहे. अगदी खाली, दोन बोटांवर.

मी आत येऊन ड्रॉवर उघडला. चष्म्याच्या डबीशेजारी तो खटका होता. महिनाभर रोज पडत होता. मी रोज उचलत होते. शेवटी काढून टाकला आणि जपून ठेवला.

ते यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं नव्हतं.

२९ डिसेंबर

टब रिकामा केला. पाइप लावून पाणी मोरीत सोडलं. दुपारभर जात होतं. तळाशी यांचं एक नखाएवढं लाकडी बटण सापडलं, सदऱ्याचं.

डोळे मिटले की ती पायरीवरची छोटी टाच दिसते. दिवसासुद्धा दिसते. संपदा माझ्याशी नीट बोलते आहे, पण देवयानीला माझ्याजवळ एकटी सोडत नाही. तिचं बरोबर आहे.

संध्याकाळी मी स्वतःच यतीनची निळी फाइल उघडली. म्हटलं, "कुठे सही करायची दाखव. मी एकटी राहण्याच्या लायकीची नाही. मी तिला मारलंच असतं."

त्याने पेनचं टोपण उघडलं, परत लावलं. मग म्हणाला, "मी मेन चालू करणार होतो, आई. तिला पुन्हा पाण्यात हात घालायला सांगणार होतो. तुला दाखवायला, की काही नाही म्हणून."

त्याने फाइल बॅगेत ठेवली.

"मार्चपर्यंत बघू," म्हणाला. "नवीन खटका बसवला आहे, सगळ्या घराला. तो पडला तर?"

"उचलणार नाही."

"आणि?"

"माणूस बोलवीन."

२ जानेवारी २०२५

तिघं गेली. जाताना देवयानीने पट्टीवर रंगीत पेनने वरती एक शब्द लिहून ठेवला आहे. "खटका". ख उलटासुलटा आहे. आता वाक्य पूर्ण आहे.

पुसणार नाही. पण तो शब्द नव्हता तेव्हाचं वाक्य मला जास्त आवडायचं. तसं लिहायला आता भीती वाटते, तरी खरं ते लिहिते.

घरात आवाज नाही. पंपाचा आवाज नसला की फ्रिजचा येतो, फ्रिज थांबला की कशाचाच नाही.

१९ जानेवारी

सकाळी नऊला गीझर लावला आणि टक् झालं. घर बंद. जाऊन बघितलं. नवीन खटका पडला होता.

मी समोर उभी राहिले. थंडी होती, आंघोळ व्हायची होती, चहा अर्धवट होता. एक बोट लावायचं आणि वर. हात खांद्याइतका उचललाही होता, सवयीने. तो दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला.

सरदारजींना फोन लावला. म्हणाले, मोतीनगरला आहे, दुपारी येतो, किसी चीज़ को हाथ मत लगाना. यतीनला कळवलं, पडला, उचललेला नाही. त्याचं उत्तर आलं, "बरं केलंस. वर जाऊन बस."

वर म्हणजे विजयालक्ष्मींकडे. नऊ डिसेंबरपासून आम्ही बोललेलो नाही. जिन्यात दोनदा बसले, दोनदा उठले. मग घंटी दाबली. त्यांनी दार उघडलं, केस ओले, हातात पळी. मला काय बोलायचं ते सगळं पाठ केलेलं होतं. माफीचं. पण तोंडून एवढंच निघालं,

"गिर गया."

पळी टाकून त्यांनी माझा हात धरला. "कौन गिरा? किधर गिरा? चलो, चलो," म्हणत मला ओढत अनवाणी तीन पायऱ्या खाली उतरल्यासुद्धा. मी त्यांना थांबवत होते आणि मला शब्द सापडत नव्हता, खटक्याला हिंदीत काय म्हणतात तो.

"कोई नहीं," मी म्हटलं. "कोई नहीं गिरा. स्विच."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. छातीवर हात. "मैं सोची फिर से भाईसाब," म्हणाल्या, आणि आपण काय म्हटलं ते कळून त्यांनी जीभ चावली.

मी त्यांच्याशेजारी बसले. मग डिसेंबरचं सगळं सांगितलं. चोर कोण होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आपको कॉफ़ी देती. पर माफ़ अभी नहीं करती. थोड़ा टाइम लगेगा."

मी म्हटलं, लगने दो.

हे त्यांच्या खिडकीशी बसून लिहिते आहे. वरून माझं अंगण दिसतं, उपडा घातलेला टब, त्यावर धुकं. दुपारी माणूस येईल. खाली खटका पडलेला आहे. राहू दे.